मागच्या चौघांची गोष्ट

जानेवारी २०१५ मध्ये ओहायो स्टेटचा संघ अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचा चॅम्पियन झाला. हेडलाइन्स गेल्या क्वार्टरबॅकला. पण त्याच्या बरोबर एक वर्ष आधी ज्यांच्या नावानं अख्ख्या राज्यानं खडे फोडले होते, ती मंडळी मैदानाच्या पार मागच्या टोकाला उभी होती...

प्रत्येक ऑफिसात एक डिपार्टमेंट असं असतं, की त्याची आठवण फक्त काहीतरी बिघडल्यावर होते. सर्व्हर चालू आहे तोवर तो चालवणारा कोण, हे कुणाच्या गावीही नसतं. सर्व्हर पडला की मात्र अख्ख्या फ्लोअरला त्याचं नाव, आडनाव आणि एक्स्टेन्शन नंबर तोंडपाठ! अमेरिकन फुटबॉलमध्ये या डिपार्टमेंटला म्हणतात सेकंडरी.

आता ‘अमेरिकन फुटबॉल? त्याचं आपल्याला काय?’ असं म्हणून पान उलटणार असाल, तर दोन मिनिटं थांबा. नियमांचा क्लास घेणार नाही, प्रॉमिस. एवढंच लक्षात ठेवा. अकराविरुद्ध अकरा. ज्यांच्याकडे चेंडू आहे त्यांनी चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. जमलं, तर आणखी चार प्रयत्न. असं करत करत समोरच्या टोकाला पोचलं की टचडाउन. पुढे सरकायचे रस्ते दोन. एकतर चेंडू पोटाशी धरून गर्दीत घुसायचं, नाहीतर क्वार्टरबॅकनं तो लांब फेकायचा आणि सुसाट पळत गेलेल्या रिसीव्हरनं झेलायचा.

हा दुसरा रस्ता अडवायला मागे चौघे असतात. दोन कडांना दोन कॉर्नरबॅक, आतल्या बाजूला दोन सेफ्टी. गरज पडली तर पाचवा येतो, पण घरचे चार. यांची नोकरी बघा. रिसीव्हरला माहीत असतं आपण कुठे वळणार आहोत, कॉर्नरबॅकला माहीत नसतं. तो समोर बघत पळतो, याला उलटं पळायचं असतं. आणि याच्या मागे कुणी नाही. क्रिकेटमध्ये विकेटकीपरच्या मागे निदान एक हेल्मेट तरी ठेवलेलं असतं!

कबड्डी बघितली असेल तर फंडा लगेच क्लीअर होईल. तिथेही कोपरे असतात, तिथेही कोपऱ्यातल्या माणसावर अख्खी पकड अवलंबून असते, आणि तो अर्धा सेकंद लवकर हलला की चढाईवाला बोनस घेऊन हसत परत जातो. फरक एवढाच, की कबड्डीचं मैदान खोलीएवढं असतं आणि इथे चौघांनी सांभाळायची असते त्रेपन्न यार्डांहून रुंद पट्टी, तीही समोरच्या लाख लोकांच्या साक्षीनं. लाख हा आकडा अलंकार म्हणून वापरलेला नाही. कोलंबस गावातल्या ओहायो स्टेडियममध्ये खरोखरच एक लाखाहून जास्त माणसं बसतात. तिथे एम.एस. करून आलेल्या कुणाही मराठी पोराला विचारा. मॅचच्या शनिवारी गाडी बाहेर काढायची नाही, हे तो व्हिसाच्या नियमांच्याही आधी शिकलेला असतो.

तळ गाठला तो असा

अर्बन मायर हा कोच २०१२ च्या हंगामात ओहायो स्टेटला आला आणि त्याचे पहिले २४ सामने संघानं ओळीनं जिंकले. चोवीस! त्यामुळे २०१३ मध्ये मागच्या बाजूला ओल येतेय, हे बराच काळ रंगाखाली झाकलं गेलं. सप्टेंबरमध्ये विस्कॉन्सिनविरुद्ध जवळपास संपलेल्या मॅचमध्ये ख्रिश्चन ब्रायंट या सेफ्टीचा घोटा मोडला. मागच्या फळीत आवाज देणारा, पोरांना जागेवर उभं करणारा माणूस तोच होता. हंगाम संपला त्याचा. ऑक्टोबरमध्ये आयोवाविरुद्ध ब्रॅडली रोबी या स्टार कॉर्नरबॅकला डोक्यावर टक्कर दिल्याबद्दल मैदानाबाहेर काढलं. (हा नियम त्याच वर्षी कडक झाला होता. टक्कर चुकीची ठरली की थेट बाहेर.)

मग नोव्हेंबरअखेर मिशिगन. ओहायो-मिशिगन म्हणजे काय, तर भारत-पाकिस्तान समजा, फक्त जवळपास दर वर्षी. त्या दिवशी मिशिगनच्या डेव्हिन गार्डनरनं ४५१ यार्ड पास फेकले. शेवटी ३२ सेकंद उरलेले असताना मिशिगननं टचडाउन केला आणि बरोबरीवर समाधान न मानता दोन गुणांचा जुगार खेळला. तो पास टायव्हिस पॉवेल नावाच्या पोरानं अडवून घेतला. ४२-४१! जिंकले, नाचले, फोटो काढले. ४५१ यार्डांबद्दल कोण बोलणार?

आठवड्याभरात बोलायची वेळ आली. ७ डिसेंबरला कॉन्फरन्सच्या फायनलला मिशिगन स्टेटच्या कॉनर कुकनं ३०४ यार्ड आणि तीन टचडाउन पास फेकले. ३४-२४. चोवीस विजयांची माळ तुटली, आणि राष्ट्रीय विजेतेपदाच्या मॅचचं तिकीटही हातातून गेलं. उरलं होतं ते ३ जानेवारी २०१४ ला ऑरेंज बोलमध्ये गेलं. रोबी जखमी, नवी पोरं मैदानात, आणि समोर क्लेमसनचा सॅमी वॉटकिन्स. एकट्या वॉटकिन्सनं १६ झेल घेतले, २२७ यार्ड आणि दोन टचडाउन. चाळीस गुण खाल्ले ओहायोनं. ४०-३५.

त्या रात्री वॉन बेल नावाचा पहिल्या वर्षाचा पोरगा आयुष्यातली पहिली मॅच सुरुवातीपासून खेळत होता. सगळं कोसळत असताना त्यानं आपल्या गोल लाइनजवळ एका हातानं एक पास झेलून क्लेमसनकडून चेंडू काढून घेतला. हरलेल्या मॅचमधला झेल होता तो. पण ओहायोवाल्यांना त्या हिवाळ्यात उराशी धरायला तेवढंच होतं.

नवा साहेब, नवा फंडा

मॅनेजमेंटच्या पुस्तकात अशा वेळी काय करतात? मोठं नाव आणतात. इथे उलटं झालं. सगळ्यात मोठं नाव, म्हणजे रोबी, एनएफएलला गेला आणि पहिल्याच फेरीत डेन्व्हरनं उचलला. ब्रायंटही संपून गेला. २०१३ च्या मागच्या फळीतला रोज खेळणारा एकच खरा माणूस उरला, कॉर्नरबॅक डोरान ग्रँट.

आणि कोच म्हणून आला ख्रिस ॲश. बायोडेटा बघून कुणी खुर्चीतून उडी मारावी असं काही नव्हतं. आधी विस्कॉन्सिन, मग एक वर्ष आर्कान्सा, आणि आर्कान्साचा तो संघ २०१३ मध्ये बारापैकी नऊ मॅच हरलेला. सेफ्टींची आणि डिफेन्सच्या निम्म्या कारभाराची जबाबदारी ॲशकडे आली. कॉर्नरबॅक आधीपासूनच केरी कूम्ब्सकडे होते. कूम्ब्स हा एक वेगळाच नमुना. सिनसिनाटीजवळच्या कोलरेन हायस्कूलमध्ये सोळा वर्षं कोच, सरावात पोरांपेक्षा जास्त उड्या मारणारा, सतत ओरडणारा. एक शांत आणि एक फटाका. ऑफिसात अशी जोडी असली की तिसऱ्याला चहा प्यायलाही भीती वाटते.

ॲशनं जे आणलं त्याला कोच मंडळी ‘क्वार्टर्स’ म्हणतात. मागच्या मैदानाचे चार भाग, चौघांना एकेक वाटून दिलेला. ऐकायला सोपं वाटतं, आणि पेपरवर ते बचावात्मकही दिसतं. गंमत पुढे आहे. यात सेफ्टी नुसता आपल्या भागात राखण करत उभा राहत नाही. तो आतल्या रिसीव्हरवर डोळा ठेवतो. तो लांब पळाला तर सेफ्टी त्याच्याबरोबर जातो. तो जवळच वळला, तर सेफ्टी मोकळा. आणि समोरच्यांनी चेंडू पोटाशी धरून घुसायचं ठरवलं, तर दोन्ही सेफ्टी पुढे धावून येतात आणि समोरच्याला हिशेबापेक्षा दोन माणसं जास्त दिसायला लागतात.

मग बाहेरच्या रिसीव्हरचं काय? तो आणि कॉर्नरबॅक. बस, दोघंच. मदत येईलच याची खात्री नाही.

इथेच २०१३ आणि २०१४ मधला सगळा फरक आहे. २०१३ मध्ये ओहायोचे कॉर्नर बऱ्याचदा सात-आठ यार्ड मागे उभे राहत. पुढ्यातला छोटा पास देऊन टाकायचा, मोठा होऊ द्यायचा नाही, असा विचार. सेफ प्लेइंग. आपण अप्रेझलच्या महिन्यात करतो ना, तसं. पण छोटे पास देत देतच समोरचा शंभर यार्ड येतो. ॲश आणि कूम्ब्सनी कॉर्नरना सांगितलं, रिसीव्हरच्या नाकासमोर जाऊन उभे राहा. हात लावा. त्याला सरळ पळूच देऊ नका. प्रत्येक फेकीला आव्हान द्यायचं, हा त्या वर्षीचा मंत्र होता. झेल गेला तरी चालेल, फुकट गेला नाही पाहिजे!

यात एक मस्त काव्यात्म न्याय आहे. ज्या मिशिगन स्टेटनं त्यांची माळ तोडली, तेही याच घराण्याचे. नाकासमोर उभे कॉर्नर, धावून येणारे सेफ्टी. त्यांच्या मागच्या फळीला ‘नो फ्लाय झोन’ म्हणायचे, आणि त्यांच्या डार्केझ डेनार्डला २०१३ चं देशातला सर्वोत्तम डिफेन्सिव्ह बॅक म्हणून थॉर्प ॲवॉर्ड मिळालं होतं. ज्यानं धुतलं, त्याचाच साबण वापरायला घेतला म्हणा ना.

दुसरी गोष्ट टॅकलची. डोकं खाली घालून समोरच्यावर आदळायचं, ही अमेरिकन सवय. दिसायला सॉलिड, पण डोळे जमिनीकडे असल्यामुळे माणूस निसटतो, मानेला धोका, आणि नव्या नियमानंतर बाहेर जायचीही भीती. २०१४ च्या उन्हाळ्यात सिएटल सीहॉक्सच्या पीट कॅरलनं रग्बीसारखं, डोकं बाजूला ठेवून खांद्यानं आणि मांडी पकडून कसं पाडायचं, याचा व्हिडिओच काढला. ॲशनं ती पद्धत ओहायोत रुजवली. आपल्याकडे लालबाग-परळच्या मैदानांवर ‘मांडी धर रे!’ म्हणून ओरडणाऱ्या काकांना यात नवीन काहीच वाटलं नसतं. पण अमेरिकेत लहानपणापासून डोकं घालायला शिकलेल्या विशीतल्या पोराला ते विसरायला लावणं, हे नवीन सॉफ्टवेअर टाकण्यापेक्षा अवघड काम आहे.

कोण होते हे चौघे?

ग्रँटबद्दल आधी. ॲक्रनचा पोरगा, सेंट व्हिन्सेंट-सेंट मेरी शाळेतला. ही तीच शाळा जिथून लेब्रॉन जेम्स बाहेर पडला, त्यामुळे शाळेचा सर्वांत प्रसिद्ध माजी विद्यार्थी होण्याची शक्यता पहिल्याच दिवशी संपलेली! शेवटचं वर्ष. रोबीच्या सावलीत खेळलेला. आता समोरच्या संघाचा सगळ्यात खतरनाक रिसीव्हर याच्या वाट्याला.

दुसऱ्या कडेला एलाय ॲपल, न्यू जर्सीचा. २०१३ मध्ये तो मैदानात उतरलाच नव्हता. शरीरात लोह कमी पडल्यामुळे थकवा, त्यात घरापासून लांब. वर्ष बाकावर गेलं. मधे दोन सेफ्टी. जॉर्जियाचा वॉन बेल, शाळेत असतानाच देशातल्या टॉपच्या पोरांमध्ये गणला गेलेला. आणि बेडफर्ड, ओहायोचा टायव्हिस पॉवेल, मिशिगनचा तो शेवटचा पास अडवणारा. पॉवेल बोलबच्चन. हे मी कौतुकानं म्हणतोय. क्वार्टर्समध्ये बोलणारा सेफ्टी सोन्याच्या भावाचा असतो, कारण चेंडू हलायच्या आधीच्या काही सेकंदांत चौघांनी एकच गोष्ट वाचलेली असली पाहिजे. तिघांनी एक वाचली आणि चौथ्यानं दुसरी, की संपलं.

आणि हो, यातल्या कुणालाही पगार नव्हता. स्कॉलरशिप होती, शिक्षण होतं. कॉलेज खेळाडूंना आपल्या नावावर पैसे कमवायची मुभा मिळाली ती थेट २०२१ मध्ये. म्हणजे लाख लोकांसमोर आपली फजिती होणार, ती टीव्हीवर दहा वेळा दाखवली जाणार आणि सोमवारी सकाळी क्लासला जायचं!

सिनसिनाटीची संध्याकाळ

हंगाम सुरू व्हायच्या आधीच ऑगस्टमध्ये संघाचा स्टार क्वार्टरबॅक ब्रॅक्सटन मिलर जखमी होऊन बाहेर गेला. ६ सप्टेंबरला घरच्या मैदानावर व्हर्जिनिया टेकनं ३५-२१ हरवलं. बहुतेकांनी तिथेच फाइल बंद केली.

आणि मग २७ सप्टेंबर २०१४. सिनसिनाटी. माझ्या मते या गोष्टीतली सगळ्यात महत्त्वाची मॅच हीच, फायनल नाही.

सुरुवात झकास झाली. ओहायो ३०-७ पुढे. पण त्या सात गुणांमध्येच गडबड होती. ख्रिस मूर नावाचा रिसीव्हर साठ यार्ड पळून गेला होता. मग तोच ८३ यार्ड. मग तोच ७८ यार्ड. तीन झेल, तीन टचडाउन, २२१ यार्ड. तीनच! गनर कील या क्वार्टरबॅकचे ३५२ यार्ड आणि चार टचडाउन. बघता बघता ३३-२८ झालं, आणि स्टेडियममधल्या लाखभर लोकांना ऑरेंज बोलचं भूत दिसायला लागलं.

मॅच ओहायोनं जिंकली, ५०-२८. पण जिंकल्याचा आनंद कुणाच्या चेहऱ्यावर? कूम्ब्सची तर आणखी पंचाईत. ज्या गावात तो वाढला, ज्या युनिव्हर्सिटीत तो २००७ ते २०११ कोच होता, त्याच संघानं त्याच्या पोरांना उघडं पाडलं होतं.

आता विचार करा, तुम्ही ॲशच्या जागी आहात. नवी सिस्टीम आणून नऊ महिने झालेत. तिचा जो धोका सगळ्यांना दिसत होता, की सेफ्टी पुढे झेपावला आणि कॉर्नर एक पाऊल चुकला तर मागे मोकळं रान, तोच तीनदा घडलाय. वरचा साहेब बघतोय, पेपरवाले लिहितायत. अशा वेळी सगळ्यात सोपा निर्णय कोणता? कॉर्नरना परत सात-आठ यार्ड मागे नेऊन उभं करायचं. कुणी काही बोलणार नाही. उलट ‘चूक सुधारली’ म्हणून कौतुकच होईल.

त्यांनी मागे नेलं नाही. पद्धत तीच राहिली, पोरंही तीच. आठवड्यानं मेरीलंडला ५२-२४, नंतर रटगर्सला ५६-१७. पेन स्टेटमध्ये मॅच दोन जादा डावांत गेली आणि ३१-२४ अशी सुटली. त्या मॅचमधल्या बेलच्या एका इंटरसेप्शनवर तर पेन स्टेटवाले आजही भांडतील. चेंडू जमिनीला लागला होता, असं त्यांचं म्हणणं. मी रिप्ले पाहिलाय. मी गप्प बसतो.

म्हणून सगळं एकदम छान छान झालं असंही नाही. नोव्हेंबरमध्ये मिशिगन स्टेटच्या मैदानावर जाऊन ४९-३७ असा बदला घेतला, पण ३७ गुण खाल्लेच ना! कुकनं तेव्हाही भरपूर यार्ड काढले. आणि खरं सांगायचं, तर मागच्या फळीच्या सुधारणेचं निम्मं बिल पुढच्या फळीच्या नावावर फाडायला हवं. जोई बोसा नावाचा राक्षस त्या वर्षी साडेतेरा वेळा क्वार्टरबॅकला चेंडू फेकायच्या आत आडवा करून आला. क्वार्टरबॅकला दोन सेकंदांत फेकावं लागलं तर कॉर्नरबॅकला दोनच सेकंद सांभाळायचं असतं. पण उलटंही तेवढंच खरं. कॉर्नर नाकासमोर उभा असल्यामुळे पहिला पास मिळत नाही, क्वार्टरबॅक थांबतो, आणि तेवढ्यात बोसा पोचतो. कोण कुणाचा इन्सेंटिव्ह खातंय, ठरवणं अवघड.

तीन मॅच, एक महिना

मिशिगनविरुद्ध दुसरा क्वार्टरबॅक जे. टी. बॅरेटही जखमी झाला. तिसऱ्या नंबरचा कार्डेल जोन्स मैदानात आला आणि अमेरिकेला तिची परीकथा मिळाली. ती सगळ्यांनी सांगून झालीय, आपण मागे बघू.

६ डिसेंबर, विस्कॉन्सिन. समोर मेल्विन गॉर्डन, ज्यानं तीनच आठवड्यांपूर्वी नेब्रास्काविरुद्ध एका मॅचमध्ये ४०८ यार्ड धाव काढली होती. त्याला ओहायोनं २६ प्रयत्नांत ७६ यार्डांवर बांधून ठेवलं. पासचं सोडा, ही क्वार्टर्सची दुसरी बाजू. कॉर्नर एकटे सांभाळतायत हा भरवसा आला की सेफ्टी बिनधास्त पुढे येऊ शकतात. ५९-०. शून्य! या एका निकालानं ओहायोला चार संघांच्या पहिल्यावहिल्या प्लेऑफमध्ये चौथी जागा मिळवून दिली.

१ जानेवारी २०१५, शुगर बोल, समोर अलाबामा. अमारी कूपर हा त्या वर्षीचा देशातला सर्वोत्तम रिसीव्हर. मागच्या वर्षीच्या जानेवारीत याच ओहायोसमोर वॉटकिन्सनं काय केलं होतं, ते आठवत असेल. कूपरला मुख्यतः ग्रँटनं सांभाळलं. कूपरनं नऊ झेल घेतले, दोन टचडाउन केले, पण यार्ड? ७१. झेलामागे आठसुद्धा नाहीत. प्रत्येक झेलाला लगेच कुणीतरी मांडीला लटकलेलं. ब्लेक सिम्सचे तीन पास ओहायोनं पळवले. एक बेलनं, एक पुढच्या फळीतल्या स्टीव्ह मिलरनं, जो तो घेऊन थेट टचडाउनला गेला. आणि तिसरा? स्कोअर ४२-३५, अलाबामाची शेवटची फेक, उंच, एंड झोनमध्ये गर्दी. सगळे उडाले. चेंडू घेऊन खाली आला पॉवेल. तेरा महिन्यांत दुसऱ्यांदा मॅचचा शेवटचा पास त्याच्याच हातात!

१२ जानेवारीला टेक्सासमध्ये फायनल. ओरेगनचा मार्कस मारिओटा, हाइझमन ट्रॉफी जिंकलेला. त्याला ३३३ यार्ड मिळाले. त्यातला एक ७० यार्डांचा टचडाउन, सिनसिनाटीसारखाच, मागे कुणी नाही. म्हणजे तो धोका शेवटपर्यंत गेला नव्हता. तो जाणारही नव्हता, ती या पद्धतीची किंमतच आहे. पण चार प्रयत्नांतला तिसरा, जिथे मॅच फिरते, तिथे ओरेगन बारापैकी दोनदाच यशस्वी झालं. ओहायोनं स्वतः चार वेळा चेंडू घालवला, तरी ४२-२० नं जिंकले. अगदी शेवटी मारिओटानं फेकलेला लांब पास ॲपलनं पकडला. अख्ख्या हंगामात मारिओटाचे फक्त चार पास पकडले गेले, त्यातला हा चौथा.

हंगामाचा हिशेब सांगतो. इंटरसेप्शन बेलचे सहा, ग्रँटचे पाच, पॉवेलचे चार, ॲपलचे तीन. आणि फायनलचा सर्वोत्तम डिफेन्सिव्ह खेळाडू टायव्हिस पॉवेल.

ॲश २०१५ च्या अखेरीस रटगर्सचा हेड कोच झाला. ग्रँटला पिट्सबर्गनं चौथ्या फेरीत घेतलं. २०१६ च्या ड्राफ्टमध्ये ॲपल दहावा गेला, बेल एकसष्टावा. आणि पॉवेल? तीन दिवस, सात फेऱ्या, त्याचं नाव कुणी पुकारलंच नाही. मग त्यानं करार केला सिएटलशी. खांद्यानं टॅकल करायचा व्हिडिओ काढणारा कॅरल तिथेच होता. निदान सिलॅबस तरी ओळखीचा!